जुलाब-उलट्या : घरी किती थांबावे आणि केव्हा निघावे



गळिताची धामधूम सुरू आहे. टोळ्या फडावर उतरल्या आहेत, ओढ्याकाठी आणि बांधालगत कोप्या उभ्या राहिल्या आहेत. तोडणी कार्यक्रम आणि ऊसबिलाच्या मजकुरातून दवाखान्याने या अंकात दोन पाने मागून घेतली, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण विषय फडावरचाच आहे. आणि त्यात थोडी आमची स्वतःची चूकही आहे, ती आधी सांगून टाकतो.

मागे एका हंगामात, जानेवारीच्या सुमारास, आपल्या एका सभासदांच्या फडावर उतरलेल्या टोळीतील दीड वर्षाच्या मुलाला पहाटेपासून जुलाब लागले. दुपारी मुकादमाचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, लेकराला ढाळ लागलेत, काय करावं?" मी म्हणालो, "जलसंजीवनीचं पाकीट असेल तर ते पाजा, नसेल तर साखर-मीठ-पाणी पाजत राहा, अंगावरचं दूध तोडू नका." सल्ला बरोबर होता आणि त्या आईने तो तंतोतंत पाळला. दिवस मावळेपर्यंत ते पोर पाण्यासाठी रडत होते, वाटी हाताने ओढून पीत होते. अंधार पडल्यावर रडणे थांबले. आईला वाटले, उतार पडला. "निजलं बघा गुणाचं," असे ती शेजारच्या कोपीत सांगूनही आली. पहाटे टोळी फडात जायला उठली तेव्हाही ते निजलेलेच होते.

नशीब असे की त्या सभासदांच्या मातोश्री उजाडता-उजाडता दुधाचा तांब्या घेऊन कोपीवर गेल्या. त्यांनी पाहिले तर मुलाचे डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तरी बघत नाही, चमचा ओठाला लावला तर पाणी गालावरून ओघळते. म्हातारीने कोणाला विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. मुलाला उठवून जीप काढायला लावली आणि मायलेकरांना घेऊन रुग्णालय गाठले. तेथे त्या पोराची शीर सापडायलाच डॉक्टरांना बराच वेळ लागला. पोर वाचले. त्या मातोश्रींच्या जागी दुसरे कोणी असते तर काय झाले असते, ते लिहिण्याची माझी इच्छा नाही.

माझे चुकले ते असे. "पाजत राहा" एवढेच मी सांगितले. पाजणे केव्हा पुरत नाही, कोणती खूण दिसली की वाटी खाली न ठेवता वाहन शोधायचे, हे सांगितले नाही. आज तेवढेच सांगावयाचे आहे.

काट्यावरचे गणित

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वाळतो आणि काट्यावर वजन कमी भरते, हे सभासदाला शिकवावे लागत नाही. त्यावरून शेतकी खात्याशी दरवर्षी कुरबुरीही होतात. लहान मुलाचे तसेच समजा. जुलाबातून आणि ओकारीतून नुसती घाण जात नाही, अंगातले पाणी आणि मीठ जाते. दहा किलो वजनाचे मूल घ्या. त्याचे अर्ध्या लिटरपर्यंत पाणी गेले तर वरून फारसे काही दिसत नाही. अर्धा ते एक लिटर घट आली की खुणा दिसू लागतात : मूल चिडचिडे होते, डोळे आत जातात, पाणी दिसले की झडप घालते. एक लिटरच्या पुढे, म्हणजे वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त घट झाली, की प्रकरण जिवावर येते. एक लिटर म्हणजे काय, एक तांब्या. जोराच्या हगवणीत तेवढे पाणी एका दिवसात सहज जाते, कधी त्याहून लवकर. मोठ्या माणसाच्या अंगात साठा मोठा म्हणून त्याला सवड मिळते. दीड वर्षाच्या पोराला ती मिळत नाही.

आता ते रडायचे का थांबले, हे समजून घ्या, कारण खरी फसगत तिथेच होते. पाणी आटू लागले की आधी तहान लागते, जीव कासावीस होतो, मूल रडून मागते. ही खूण वाईट नव्हे; अजून अंगात मागण्याइतकी ताकद आहे. पुढे अंगात फिरणाऱ्या रक्ताचे मानच कमी होते. मग शरीर हातापायांकडचे रक्त काढून काळजाकडे आणि मेंदूकडे वळवते. म्हणून हातपाय गार पडतात, लघवी बंद होते. त्यानंतर मेंदूलाही कमी पडू लागते. मूल सुस्त होते, तहान असूनही मागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, निवांत झोपले.

तेव्हा जुलाबाचे मूल अचानक शांत झाले, तर त्याला उठवून बघा. "झोपलंय, कशाला उठवता" म्हणणारे घरात कोणीतरी असतेच, त्यांचे ऐकू नका. खरोखर बरे वाटून झोपलेले मूल हलवल्यावर जागे होते, कुरकुरते, आईला ओळखते, पाणी घेते. ग्लानीतले मूल डोळे उघडले तरी बघत नाही आणि पुन्हा मान टाकते. हा फरक ओळखायला डॉक्टर लागत नाही.

चिमटा, डोळे आणि लघवी

दुसरी खूण कातडीची. मुलाला उताणे निजवा. बेंबी आणि कूस यांच्या मध्यावर पोटाची कातडी अंगठा आणि तर्जनी यांच्यात उभी धरा, नखे लावू नका. क्षणभर धरून सोडा. चांगल्या अंगाच्या मुलाची कातडी लगेच जागेवर बसते. पाणी कमी झाले असेल तर ती सावकाश बसते. दोन सेकंदांहून अधिक वेळ घडी तशीच उभी राहिली, तर पाणी फार आटले आहे. मी त्या मातोश्रींना नंतर विचारले की हे तुम्हाला कोणी शिकवले. त्या म्हणाल्या, "अहो, वासराला हगवण लागली की मानेचं कातडं ओढून बघतोच की आम्ही. पोराचं काय निराळं असतंय?" बरोबर आहे. जनावरांचे डॉक्टरही तेच करतात.

या खुणेला एक मर्यादा आहे. मूल आधीच फार रोड असेल तर पाणी न आटताही कातडी तशीच राहते. अंगाने गुबगुबीत असेल तर पाणी आटूनही ती पटकन बसते. म्हाताऱ्या माणसाची कातडी तर एरवीही सैल असते, तिथे चिमट्यावर विसंबू नये. म्हणून एकट्या चिमट्यावर निर्णय न करता डोळे बघा, पिणे बघा, शुद्ध बघा. डोळे खोल गेले का हे परक्याला कळत नाही, आईला विचारा : "रोजच्यापेक्षा निराळे दिसतात का?" तिचे उत्तर सहसा चुकत नाही. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली का तेही पाहावे.

सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका ज्या कोष्टकावरून ठरवतात, त्यातील गंभीर रकान्यात चार खुणा आहेत : मूल सुस्त किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पिता न येणे किंवा नावापुरतेच पिणे, आणि चिमटा फारच सावकाश बसणे. चारांपैकी कोणत्याही दोन दिसल्या की घरचा उपाय संपला. मी तर म्हणेन, मूल पिईनासे झाले किंवा हाकेला बघेनासे झाले, तर दुसऱ्या खुणेची वाटसुद्धा पाहू नका. पाजलेले सगळेच ओकून टाकत असेल, झटका आला असेल, सहा-आठ तासांत लघवीचा थेंब नसेल, तरी तेच. शौचात रक्त पडत असेल किंवा जोराचा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि दोन महिन्यांच्या आतील बाळाला जुलाब लागले तर घरगुती प्रयोग करूच नयेत. अंगावर पाजत पाजत सरळ दवाखाना गाठावा.

मधल्या पायरीवरचे मूल, म्हणजे चिडचिडे, डोळे आत गेलेले पण हपापून पाणी पिणारे, जलसंजीवनीवरच सुधारते. मात्र त्याला कोपीत ठेवून न देता आशाताईंना कळवा किंवा आरोग्य केंद्रात न्या. तेथे चार तास मोजून पाजतात, दहा किलोच्या मुलाला साधारण पाऊण लिटर, आणि चार तासांनी पुन्हा खुणा तपासतात. सुधारले तर घरी, नाही तर पुढे. ही "चार तासांनी पुन्हा बघणे" ही गोष्ट मी त्या दुपारी फोनवर सांगायला हवी होती.

आपल्याच साखरेचे काम

एवढे वाचून कोणी घरच्या पाण्यावरचा विश्वास उडवून घेऊ नये. साध्या जुलाबाची बहुतेक मुले घरीच बरी होतात आणि व्हावीतही. पोटात नुसते पाणी टिकत नाही, नुसते मीठही नीट शोषले जात नाही. आतड्याच्या अस्तराला जणू अशी दारे आहेत की ज्यांतून साखर आणि मीठ जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. जुलाब चालू असतानाही ही दारे बंद होत नाहीत.

याची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावणीत पटकीने माणसे पटापट मरू लागली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून त्याचे पाणी पिंपांतून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. पाजण्याचे काम नातेवाइकांनीच केले. शंभरात तीसपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत चाराच्या आत आले. ते २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पण या हकिकतीतला एक भाग सांगताना हमखास गाळला जातो. हाती उरलेले थोडेसे सलाईन त्यांनी फेकून दिले नव्हते. जे रुग्ण पिऊच शकत नव्हते, त्यांच्यासाठी ते राखून ठेवले होते.

पाकिटाचे पाणी करताना पाकिटावर लिहिले असेल तितकेच पाणी घ्यावे. एक लिटरचे पाकीट एक लिटरमध्ये, सगळेच्या सगळे. अर्धे आज, अर्धे उद्या करू नये. केलेले पाणी चोवीस तासांनी ओतून टाकावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट. साखर आपल्या घरची आहे म्हणून हात सैल सोडू नका, जादा साखर उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. जादा मीठ तर मुलाच्या मेंदूला बाधते. आधी चव बघावी, अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला अर्धी वाटी ते वाटीच्या आसपास, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरील मुलाला १०० ते २००, चमच्याचमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचे दूध, मऊ भात, वरणाचे पाणी चालू ठेवावे. जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या आशाताई देतात, त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. जुलाब "बांधणाऱ्या" गोळ्या मुलांना देऊ नयेत.

दुकानात गोड रंगीत पेयांची खोकी मिळतात, त्यांवर पूर्वी ओआरएस असे ठळक छापलेले असे. ती जलसंजीवनी नव्हे, त्यात साखर फार असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई केली आहे. तरी जुना माल कोणाच्या कपाटात असेल तर जुलाबावर वापरू नये.

सलाईनविषयी दोन शब्द

आपल्याकडे सलाईनचे वेड फार. कामाला जरा थकवा आला की "एक बाटली लावा डॉक्टर, ताकद येऊ द्या." आणि जिथे खरी गरज तिथे मात्र "सकाळी बघू." गंभीर मुलाला शिरेतून पाणी लागते ते याच कारणाने की ते पिऊ शकत नाही, आणि जबरदस्तीने ओतलेले पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शिवाय ते पाणी घाईने भरावे लागते. दहा किलोच्या, वर्षावरील मुलाला पहिल्या अर्ध्या तासातच ३०० मिलिलिटर आणि तीन तासांत एकूण एक लिटर. वर्षाच्या आतील बाळाला हेच मान सहा तासांवर पसरतात. तेही मीठयुक्त द्रावण, नुसते ग्लुकोज नव्हे. खाटेवर टांगून थेंब-थेंब सोडलेली ग्लुकोजची बाटली या दुखण्यावर कामाची नाही. म्हणून जिथे मुलाची शीर शोधणारे हात आणि रात्रीचा डॉक्टर आहे, तिथेच न्यावे.

वाटेत काय करायचे? मूल शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर चमच्याने पाजत जा, अंगावर पाजत जा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर निजवा, पांघरूण घाला. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून विनामूल्य आहे. ती बोलवावी, पण फड आडवाटेला असेल तर समोरचे वाहन घेऊन सडकेपर्यंत तरी या, वाट पाहत कोपीत बसू नका. रात्रीच्या वेळी टोळीवाल्यांकडे वाहन नसते, गाव परके, ओळख नाही, उचलीचे पैसे संपलेले. खर्चाला भिऊन ते सकाळ होण्याची वाट पाहतात. ज्याच्या फडावर कोपी आहे त्या सभासदाने आपला फोन नंबर मुकादमाला देऊन ठेवावा, आणि रात्री दार वाजले तर उघडावे.

मोठी माणसे

मोठ्यांना उभे राहिल्यावर अंधारी येणे, हातपाय गार पडणे, पायात गोळे, नाडी बारीक आणि वेगाने, बोलण्यात असंबद्धपणा, दिवसभर लघवी नाही, या खुणा घरी थांबण्याच्या नव्हेत. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी पडू लागले तर पटकीचा संशय धरावा. धडधाकट गडीसुद्धा काही तासांत गार होतो. पाजायला लगेच सुरुवात करा, पण निघा. आणि आरोग्य केंद्राला कळवा, म्हणजे पाण्याची तपासणी होईल.

वयस्क माणसांना तहान कमी लागते, ती पाणी मागत नाहीत. रक्तदाबासाठी लघवी होणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणखी लवकर आटते. अशा माणसाला जुलाब लागले तर त्याच दिवशी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या रुग्णाला उलट्या होऊन खोल, जोराचा श्वास लागला, तर ते पोटाचे साधे दुखणे समजू नये. गरोदर भगिनींनीही वाट पाहू नये.

फेब्रुवारी-मार्चच्या उन्हातला प्रकार थोडा वेगळा. घामाने पाणी गेलेला तोडणीवाला सावलीत निजवून, पाणी पाजून तासाभरात सावरला तर ठीक. तो बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तोल गेला, तर तो उष्माघात. अंगाचा ताप तेव्हा ४० अंशांच्या वर जातो. आधी अंगावर पाणी ओतून वारा घाला, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावावा. निकाराग्वा, एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील देशांत ऊसतोड कामगारांत मूत्रपिंडे निकामी होण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे, आणि उन्हातील जड काम व पुन्हा पुन्हा पाणी आटणे हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. तेव्हा फडावर पाण्याची घागर नेणे हा बायकांचा रिकामा उद्योग नव्हे.

जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येक गट कार्यालयात ठेवली आहेत. चिटबॉय आणि मुकादम यांनी टोळीमागे किमान दहा पाकिटे आजच घेऊन जावीत, मुदत पाहून घ्यावीत, आणि कोपीतील एका तरी बाईला पोटावरचा चिमटा दाखवून यावा. दवाखान्याचा फोन रात्रीही उचलला जातो. फोन केल्यावर मूल पिते का आणि हाकेला बघते का, या दोन गोष्टी प्रथम सांगाव्यात. मी विसरलो तरी तुम्ही सांगा.